ठिणगी कोणाची, जंगल कोणाचे



ऑस्ट्रेलियाच्या आग्नेय कोपऱ्यातल्या व्हिक्टोरिया राज्यात 13 जानेवारी 1939 रोजी जो वणवा उसळला त्याला तिकडचे लोक ‘ब्लॅक फ्रायडे’ म्हणतात. आजचा विषय तो वणवा आहे, आणि त्याहून अधिक त्या वणव्याची झालेली चौकशी. आगीच्या कहाण्या सांगायला सोप्या असतात, कारण नाट्य त्यांत आयतेच असते. चौकशीचे अहवाल मात्र कपाटात जातात आणि तिथेच राहतात. या अहवालाचे तसे झाले नाही. न्यायाधीश लिओनार्ड स्ट्रेटन यांनी लिहिलेली ही जेमतेम पस्तीस पानांची चोपडी इतकी वाचली गेली की पुढे तिच्यातले उतारे शाळांच्या इंग्रजीच्या अभ्यासाला लावले गेले. सरकारी कागदाला असा मान क्वचितच मिळतो. माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा पुरावा कशासाठी मांडतो आहे ते कळेल. जंगलाची मालकी एकाकडे, आगीचे ज्ञान दुसऱ्याकडे आणि जळण्याची पाळी तिसऱ्यावर, अशी वाटणी व्हिक्टोरियात त्या शुक्रवारच्या कितीतरी आधी होऊन गेली होती. उन्हाने आणि वाऱ्याने ती एका दिवसात उघडी पाडली. आग लागण्याचे श्रेय हवामानाला जरूर द्यावे. पण तिची आपत्ती होण्याचे श्रेय या वाटणीला द्यावे लागेल.

घटना थोडक्यात अशी. आपल्याकडे जानेवारीत हुरडा आणि शेकोट्या असतात, तिकडे तो भर उन्हाळा. 1938 चे वर्ष कोरडे गेले होते, डोंगरातले ओढे आटले होते आणि जंगलाच्या तळचा पालापाचोळा इतका वाळला होता की एरवी बारमाही ओली असणारी दरीही पेटू शकत होती. 13 तारखेला मेलबर्न शहरात 45.6 अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. हा उच्चांक पुढे 70 वर्षे टिकला. खंडाच्या आतल्या वाळवंटी भागातून येणारा उत्तरेचा वारा दिवसभर वादळासारखा वाहत होता. त्या एका दिवसाने नूजी, नारबेथॉन्ग, वुड्स पॉइंट, हिल एंड अशी गावे जवळजवळ पुसून टाकली. एकंदर 71 माणसे गेली, 69 आरागिरण्या जळाल्या, शेकडो घरे, कुंपणे, गोठे, कुरणे, गुरे आणि मेंढ्या गेल्या. जळालेले क्षेत्र पंधरा ते वीस लाख हेक्टरांच्या दरम्यान होते. राख समुद्र ओलांडून न्यूझीलंडपर्यंत जाऊन पडली. तिथली निलगिरीची झाडे अशा आगीला जणू वाहतूक पुरवतात: त्यांच्या खोडाफांद्यांवरून सालीच्या लांब पट्ट्या लोंबत असतात, त्या पेटतात, वाऱ्याबरोबर उडतात आणि मुख्य आगीच्या कित्येक किलोमीटर पुढे जाऊन नवी आग लावतात. त्यामुळे आगीसमोर पट्टा साफ करून ती अडवू, हा हिशेब अशा दिवशी कोलमडतो. त्यातच संध्याकाळकडे नैर्ऋत्येचा वारा सुटला की उत्तर-दक्षिण पसरलेल्या आगीची संपूर्ण लांब बाजू एकाएकी तोंड बनून पुढे सरकू लागते. व्हिक्टोरियातील मोठ्या वणव्यांत या वळलेल्या वाऱ्याने पुन्हा पुन्हा घात केलेला आहे.

पण ‘त्या शुक्रवारचा वणवा’ या शब्दांतच एक फसवणूक दडलेली आहे. त्या दिवशी फार थोड्या आगी नव्याने लागल्या. बहुतेक आगी डोंगरांत कित्येक दिवस, काही तर आठवड्यांपासून धुमसत होत्या. त्यांची माहिती लोकांना होती. 8 जानेवारीला टुलांगीच्या बाजूला आग विझवायला गेलेले वनखात्याचे दोन कर्मचारी मरण पावले होते. म्हणजे धोका काय आहे हेही पाच दिवस आधी कळले होते. तरीही त्या आगी तशाच राहिल्या. आपल्या शेताजवळ आली तर पाहू, असे शेतकरी म्हणत. आपल्या राखीव क्षेत्राबाहेर आहे, असे वनखाते म्हणे. गिरणीवाल्याला हंगामाचे लाकूड कापायचे होते. मेलबर्नला पाणी पुरवणाऱ्या मंडळाकडे धरणांच्या पाणलोटाची जंगले होती आणि त्यांचे धोरण आगीला मुळीच हात न लावण्याचे होते. शिवाय लाखो हेक्टर सरकारी पडीक जमीन अशी होती की तिच्यावर आग लागली तर विझवण्याची जबाबदारी नेमकी कोणाची हे कोणालाच धड सांगता येत नव्हते. शुक्रवारी वारा सुटला तेव्हा त्याने या बेवारस आगी एकमेकींना जोडल्या. माझ्या मते या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची वस्तुस्थिती हीच आहे आणि स्मरणाच्या लेखांत नेमकी तीच गळते.

सरकारने जानेवारी संपता संपता चौकशी आयोग नेमला. मुख्यमंत्री होते अल्बर्ट डन्स्टन, शेतकऱ्यांच्या पाठिंब्यावर उभ्या असलेल्या कंट्री पार्टीचे. एकसदस्य आयोग म्हणून न्यायाधीश स्ट्रेटन गावोगाव बसले, दोनशेहून अधिक साक्षीदारांना त्यांनी ऐकले, अडीच हजारांच्या घरात पाने भरतील इतकी साक्ष नोंदवली आणि मे महिन्यात अहवाल दिला. अहवालाचा निष्कर्ष असा की या आगी जवळपास सगळ्या माणसाच्या हाताने लागल्या होत्या. विजेचा लोळ, उन्हाने आपोआप पेटलेले गवत वगैरे सबबी त्यांनी बाजूला सारल्या. मग हे हात कोणाचे? शेत साफ करणारा वसाहतवाला, कोवळे गवत उगवावे म्हणून डोंगर पेटवणारा गुराखी, खडक उघडा पडावा म्हणून झुडपे जाळणारा सोन्याचा शोधक, गिरणीतला कामगार, शिकारी, सहलीला आलेला शहरी माणूस, वाटसरू, रेल्वेचे इंजिन. या यादीत गुन्हेगार म्हणावा असा जवळजवळ कोणीच नाही. प्रत्येक जण आपापले रोजचे काम करत होता. स्ट्रेटन यांनी साक्षीदारांविषयीही कडू निरीक्षण नोंदवले आहे: खरे बोलणारे त्यांना फार थोडे आढळले. शेतकरी स्वतःचे जाळणे लपवत होता, वनखात्याचा माणूस वरिष्ठांना सांभाळत होता, गिरणीमालक खर्च वाचवल्याचे झाकत होता. न्यायाधीशाने साक्षींवर असा शेरा मारला की आपण त्यातून माणसांच्या नीतीविषयी काहीतरी वाचतो. मला त्यात व्यवस्थेचे वर्णन दिसते. ज्या विषयावर इतक्या साध्या माणसांना शपथेवर खोटे बोलण्याची गरज वाटते, त्या विषयावरचा कायदाच कुठेतरी चुकलेला असतो.

कायदा काय होता? उन्हाळ्याच्या ठरावीक महिन्यांत उघड्यावर आग लावायला बंदी, आणि जंगलालगत जाळायचे तर परवानगी. कागदावर यात वावगे काही नाही. पण डोंगरकडेच्या शेतकऱ्याची अडचण अशी होती की त्याच्या कुंपणापलीकडे सरकारी जंगल होते आणि त्या जंगलात वर्षानुवर्षे साठत चाललेला पाचोळा ही त्याच्या दृष्टीने दारात रचलेली चिता होती. ती हलक्या आगीने, योग्य वेळी, थंड दिवशी जाळून टाकावी असे त्याला वाटे. खाते म्हणे, कोवळी रोपे जळतील, लाकूड खराब होईल. खात्याचे प्रमुख गॅलब्रेथ यांची आणि त्यांच्या पिढीतील वनाधिकाऱ्यांची ही भूमिका प्रामाणिक होती. त्यांच्या हाती पैसा आणि माणसे अपुरी होती हेही खरे. पण परिणाम काय झाला? ज्याला जाळायचे होते तो चोरून जाळू लागला. चोरून लावलेल्या आगीचा एक स्वभाव असतो: लावणारा तिच्याजवळ थांबत नाही. शेजाऱ्याला बोलावत नाही, कडेने पट्टा मारत नाही, संध्याकाळी येऊन विझवत नाही. तो काडी लावतो आणि घरी जातो. शिवाय तो सोयीचा दिवस निवडतो तो वनरक्षक नसण्याचा, वारा नसण्याचा नव्हे. आग लावणाऱ्याला गुन्हेगार ठरवणाऱ्या कायद्याने आगींची संख्या कमी केली नाही. त्याने राखलेल्या आगीचे रूपांतर सोडून दिलेल्या आगीत केले. जानेवारीच्या पहिल्या पंधरवड्यात डोंगरांत धुमसणाऱ्या बेवारस आगींचा उगम मला इथे दिसतो.

ही वाटणी आली कुठून, हे पाहायचे तर थोडे मागे जावे लागते. गोरे वसाहतवाले येण्यापूर्वी या प्रदेशातले गुनाइकुर्नाई, वुरुंडजेरी आणि इतर मूळनिवासी समाज आगीचा वापर जाणीवपूर्वक करत: कुठे, कोणत्या ऋतूत, किती वर्षांनी जाळायचे याचे त्यांचे नियम होते आणि ते नियम पाळणारी माणसे त्या त्या भूमीला बांधलेली होती. वसाहतीने त्यांना जमिनीवरून उठवले, मारले, मिशनच्या आवारांत कोंडले. त्यानंतर काय झाले याची नोंद आल्फ्रेड हॉविट या सरकारी अधिकारी व अभ्यासकाने 1890 मध्ये मेलबर्नच्या रॉयल सोसायटीपुढे मांडली: गिप्सलँडमधली जी जंगले पूर्वी मोकळी होती, ती मूळनिवाशांचे जाळणे थांबल्यावर दाट होत गेली. हॉविट हा काही मूळनिवाशांचा वकील नव्हता. वसाहतीचा दंडाधिकारी होता. म्हणून त्याची साक्ष मला अधिक मोलाची वाटते. नव्या वसाहतवाल्यांनी आग उचलली, पण नियम उचलले नाहीत. 6 फेब्रुवारी 1851 च्या वणव्यात राज्याचा सुमारे चौथा हिस्सा होरपळला, 1898 मध्ये गिप्सलँड जळाले, 1926 मध्ये वॉर्बर्टनच्या डोंगरांत एकाच रविवारी 31 माणसे मेली. म्हणजे 1939 चा वणवा आकाशातून पडला नव्हता.

या गोष्टीत आपल्या देशाचा धागा इथे येतो, आणि तो कल्पनेने जोडलेला नाही. व्हिक्टोरियाच्या सरकारला आपली जंगले कशी सांभाळावी याचा सल्ला हवा होता तेव्हा त्यांनी तो हिंदुस्थानच्या वनखात्याकडे मागितला. 1887 मध्ये एफ. डी. ए. व्हिन्सेंट आणि 1895 मध्ये बर्थोल्ड रिबेनट्रॉप हे हिंदुस्थानातील वनाधिकारी तिकडे गेले. रिबेनट्रॉप हे तर इथल्या वनखात्याचे सर्वोच्च अधिकारी होते. त्यांनी सांगितले ते त्यांच्या अनुभवातलेच होते: जंगले राखीव करा, शिक्षित अधिकारी नेमा, स्वैर तोड आणि आग रोखा. मध्य प्रांतातल्या बोरीच्या जंगलात 1860 च्या दशकात आगीपासून संरक्षणाचा जो प्रयोग झाला होता, त्याच्या यशाची कीर्ती साम्राज्यभर पसरलेली होती. आता गंमत अशी की ज्या काळात ही शिकवण व्हिक्टोरियात रुजत होती, त्याच काळात तिच्या मूळ भूमीत तिच्याविषयी शंका उभ्या राहत होत्या. ब्रह्मदेशातल्या सागाच्या आणि आसाम-बंगालकडच्या सालाच्या जंगलांत वनाधिकाऱ्यांनाच दिसू लागले की आग पूर्ण बंद केली तर खाली झुडपांची अशी गर्दी होते की साग-सालाचे रोपच उठत नाही. कुमाऊंत तर 1921 साली लोकांनी सरकारी राखीव चीडवने पेटवून दिली; त्यामागे चराई आणि लाकूडफाट्यावरच्या निर्बंधांचा राग होता. सरकारने तक्रार-समिती नेमली, बराच भाग पुन्हा मोकळा केला आणि 1931 मध्ये वनपंचायतींचे नियम केले. आपल्या कोकणातही राबाच्या टहाळासाठी झाडे छाटण्याच्या हक्कावरून ठाणे-कुलाब्याचे शेतकरी आणि वनखाते यांच्यात इतका तणाव झाला की मुंबई सरकारला 1885 मध्ये त्यासाठी आयोग नेमावा लागला. महात्मा फुले यांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये वनखात्यावर जो राग काढला आहे तोही याच काळातला. जंगल कोणाचे या प्रश्नाचे उत्तर कायद्याने एकतर्फी दिले की आगीचा प्रश्न पाठोपाठ येतो, हे साम्राज्याच्या एका टोकाला कळले होते. दुसऱ्या टोकाला कळायला 71 माणसे जावी लागली.

आता आक्षेप. पहिला आक्षेप सरळ आहे: आगी शेतकऱ्यांनी आणि गुराख्यांनीच लावल्या, हे तुम्हीच सांगता, मग बंदीचा कायदा चुकीचा कसा? बंदी अधिक कडक का नको? याला स्ट्रेटन यांचा अहवालच उत्तर देतो. त्यांनी लोकांना निर्दोष ठरवले नाही. डोंगरातला माणूस बेपर्वा आहे, स्वार्थी आहे, शेजाऱ्याचा विचार करत नाही, असे त्यांनी सुनावले. आणि तरीही त्यांच्या शिफारशींचा रोख आगीवर पूर्ण बंदी घालण्याकडे नाही. पाचोळा कमी करण्यासाठी खात्यानेच नियोजनपूर्वक जाळावे, पाणलोटाच्या मंडळाने आपले हात झटकणे सोडावे, सर्व सरकारी जमिनीवरच्या आगीची जबाबदारी एका यंत्रणेकडे असावी, असा तो रोख आहे. ज्याचा दोष सर्वांत ठळक दिसत होता त्याच्या हातातून काडी काढून घेण्याऐवजी, ती काडी सर्वांच्या देखत आणि ठरलेल्या दिवशी ओढली जावी, एवढीच त्यांची मागणी. कडक बंदीचा प्रयोग आधीच होऊन गेला होता आणि त्याचा निकाल समोर जळत होता.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, आणि तो शास्त्रज्ञांकडून येतो. ते म्हणतात, असा दिवस उजाडला की पाचोळा दोन वर्षांपूर्वी जाळला होता की दहा, याने फारसा फरक पडत नाही. आणि मध्य व्हिक्टोरियातल्या उंच, ओल्या जंगलांत तर नियमित हलके जाळणे शक्यही नाही. माउंटन अ‍ॅश नावाची निलगिरी हे जगातल्या सर्वांत उंच फुलझाडांपैकी एक. ते एरवी इतक्या ओलसर जागी असते की साध्या वर्षी पेटत नाही, आणि पेटले तर मरते. पण त्याचे बी वर शेंड्यात टोपणांत सुरक्षित राहते आणि आगीनंतर राखेत पडून उगवते. मोठी आग हा त्या जंगलाच्या पुनर्जन्माचा मुख्य मार्ग आहे. आज तिथे दिसणारी सरळसोट, एकाच उंचीची लाखो झाडे 1939 च्या राखेतून एकाच वर्षी उगवलेली आहेत. अ‍ॅलन मॅकआर्थर या शास्त्रज्ञाने पुढे वणव्याच्या धोक्याचा निर्देशांक तयार केला, तेव्हा त्याच्या कमाल मर्यादेचा 100 हा आकडा त्याने ब्लॅक फ्रायडेच्या परिस्थितीवरूनच बसवला. मग मानवी व्यवस्थेला दोष कसा द्यायचा? हा आक्षेप मी निम्मा मान्य करतो. त्या दिवशी त्या उंच जंगलांत मोठी आग कोणत्याही व्यवस्थेत लागली असती, हे शक्य आहे. पाचोळा जाळण्याला सर्व रोगांवरचे औषध समजणारे लोक व्हिक्टोरियात आजही आहेत आणि ते स्ट्रेटन यांचे नाव घेऊन बोलतात. त्यांच्या बाजूने मी उभा नाही. पण या आक्षेपातून सिद्ध होते ते इतकेच की जंगल जळाले असते. माणसे का मेली, हे त्यातून सिद्ध होत नाही.

माणसे कुठे मेली ते पाहा. मृतांत आरागिरण्यांच्या वस्त्यांवरच्या लोकांचा वाटा मोठा आहे. मॅटलॉकजवळच्या एकाच गिरणीवर 15 जण गेले, एक वाचला. रुबिकॉनच्या जंगलात आणखी 12. या गिरण्या जंगलाच्या अगदी पोटात होत्या, कारण उंच झाडांचे ओंडके डोंगराबाहेर नेण्यापेक्षा जागेवर कापून फळ्या लाकडी रुळांवरच्या गाडीने खाली पाठवणे स्वस्त पडे. कामगार तिथेच लाकडी झोपड्यांत बायकापोरांसह राहत. भोवती निलगिरी, पायाखाली भुसा, बाहेर पडायला एकच वाट आणि त्या वाटेवर लाकडी पूल. अशा वस्तीत आगीच्या वेळी उतरायला जमिनीत खणलेला, मातीने झाकलेला निवारा असणे ही चैन नव्हे. 1926 च्या मृत्यूंनंतर त्याची गरज सगळ्यांना ठाऊक होती. तरी अनेक ठिकाणी तो नव्हता, किंवा होता तो निकृष्ट होता. खर्च कोणी करायचा यावर गिरणीमालक आणि खाते यांचा वाद होता. जिथे चांगला निवारा होता तिथे माणसे ओल्या घोंगड्या दाराला धरून तास-दोन तास आत बसली आणि जिवंत बाहेर आली. म्हणजे त्याच आगीत, त्याच तापमानात, काही खड्ड्यांवर जीवनमरण ठरले. इथे हवामानशास्त्राचा संबंध संपतो आणि करारपत्रांचा सुरू होतो. वणव्यानंतर गिरण्यांना जंगलात पुन्हा बसू दिले नाही; त्या हेफील्डसारख्या गावांत आल्या आणि ओंडके ट्रकने येऊ लागले. जळालेली उभी झाडे सडण्याआधी कापून काढण्याचे काम पुढे पंधराएक वर्षे चालले. हा एक बदल, माझ्या समजुतीने, नंतरच्या सगळ्या जाळण्याच्या कार्यक्रमांपेक्षा अधिक जीव वाचवणारा ठरला, आणि त्यात एका काडीचाही संबंध नव्हता. तो केवळ कोणी कुठे राहायचे याचा निर्णय होता.

शेतकऱ्यांच्या बाजूने मात्र इतक्या झटपट काही झाले नाही. सरकारी जमिनीवरच्या आगीची जबाबदारी वनखात्याकडे एकवटली, टेहळणीचे मनोरे उभे राहिले, बिनतारी संदेशयंत्रे आली. खासगी शेती आणि खेड्यांसाठी एकसंध अग्निशमन यंत्रणा असावी ही मागणी तशीच लोंबत राहिली. महायुद्ध सुरू झाले हे कारण खरे आहे, पण पुरेसे नाही. डिसेंबर 1943 मध्ये वांगारट्टाजवळ गवताच्या आगीत दहा स्वयंसेवक मरण पावले. पाठोपाठ 1944 च्या फेब्रुवारीत यॅलोर्नच्या उघड्या कोळसा-खाणीला आग लागली. तिथल्या वीजकेंद्रावर मेलबर्नचे दिवे आणि कारखाने चालत. सरकारने पुन्हा स्ट्रेटन यांनाच चौकशीला बसवले, त्याच वर्षी कायदा झाला आणि 1945 मध्ये ‘कंट्री फायर ऑथॉरिटी’ कामाला लागली. खेडी जळाली तेव्हा पाच वर्षे थांबता आले. वीज जायची वेळ आली तेव्हा वर्षाच्या आत कायदा झाला. मी यात कोणाचा दुष्ट हेतू शोधत नाही. जोखीम कोणाची आणि अधिकार कोणाचा यांत अंतर असले की कामाचा वेग असाच ठरतो, एवढेच म्हणतो.

तिसरा आक्षेप काळाचा आहे. इतक्या सुधारणा झाल्या, तरी 16 फेब्रुवारी 1983 ला व्हिक्टोरिया आणि दक्षिण ऑस्ट्रेलियात मिळून 75 माणसे गेली, आणि 7 फेब्रुवारी 2009 ला एकट्या व्हिक्टोरियात 173. 2009 मध्ये मेलबर्नचा पारा 46.4 अंशांवर गेला, 1939 चा उच्चांक मोडला, मॅकआर्थरचा निर्देशांक 100 च्या कितीतरी वर चढला, आणि नारबेथॉन्ग पुन्हा जळाले. 2019-20 च्या उन्हाळ्यात तर अनेक मोठ्या आगी विजेच्या कडकडाटाने लागल्या. तिथे कोणाचा हात शोधायचा? तापमान वाढत चालले आहे, आता जुन्या आयोगांचे शहाणपण काय कामाचे, असे विचारले जाते. पण 2009 चा तपशील पाहिला तर 1939 ची वाटणी नव्या कपड्यांत पुन्हा भेटते. सर्वांत जीवघेण्या, किलमोर ईस्टच्या आगीचे कारण होते तुटलेली वीजवाहिनी: दूरवरच्या शेतांना स्वस्तात वीज देण्यासाठी एकाच तारेवर ओढलेली, जुनी झालेली, खासगी कंपनीकडे गेलेली. त्या आगीने 119 बळी घेतले. मेलेली माणसे आता गिरणी-कामगार नव्हती. त्यांतली अनेक शहरातून डोंगरात राहायला आलेली, किंगलेकसारख्या ठिकाणी झाडीतल्या घरांत राहणारी होती. आग आली तर घर सोडायचे की लढायचे हे त्यांनीच ठरवावे, असे सरकारी धोरण होते, आणि त्या दिवशी इशारे नीट पोचले नाहीत. तारेची मालकी एकाकडे, जंगलाची दुसऱ्याकडे, निर्णयाचे ओझे तिसऱ्यावर.

2009 च्या आयोगाने 67 शिफारशी केल्या. त्यांतली सर्वांत गाजलेली होती ती दरवर्षी सरकारी जमिनीचा किमान 5 टक्के भाग ठरवून जाळण्याची. सरकारने ती स्वीकारली आणि मग जे व्हायचे ते झाले: उद्दिष्ट हेक्टरांत मोजले जात असल्याने, वस्त्यांपासून दूर, सपाट, कोरडी, जाळायला सोपी जंगले जाळली की आकडा भरतो. गावाच्या कडेची अवघड, धूर-तक्रारींची, कमी क्षेत्राची जाळणी मागे पडते. काही वर्षांत हे ध्यानात आले आणि 2015 मध्ये हेक्टरांचे उद्दिष्ट सोडून लोकांवरचा धोका किती कमी झाला यावर मोजमाप करायचे ठरले. स्ट्रेटन यांनी पाणलोट मंडळाला, वनखात्याला आणि शेतकऱ्याला एकाच मेजाभोवती आणण्याचा जो आग्रह धरला होता, त्याच्या जवळ हा बदल जातो. आणि त्या मेजाची एक खुर्ची आता मूळनिवासी समाजांसाठीही मांडली जाऊ लागली आहे, ज्यांना 1939 च्या चौकशीत आगीचे जाणकार म्हणून कोणी विचारले नव्हते. 1946 मध्ये डोंगरातल्या चराईची चौकशी करताना स्ट्रेटन यांनी जंगल, माती आणि पाणी वेगळी करता येत नाहीत असा मुद्दा मांडला होता. त्याचा पुरावा नंतर अभियंत्यांनी पुरवला: 1939 नंतर उगवलेली कोवळी दाट वने पाणी इतके शोषत होती की मेलबर्नच्या पाणलोटातल्या ओढ्यांचा प्रवाह कित्येक दशके घटत गेला, आणि आगीनंतर पाव शतकाच्या सुमारास तो जुन्या जंगलाच्या तुलनेत निम्म्यावर आला. जाळायचे नाही असे ठरवणाऱ्या मंडळाचेच पाणी त्या आगीने नेले.